हिरडा, कातडे आणि काया: जुन्नर-आंबेगावच्या डोंगरपट्ट्यातील एका फळाचा इतिहास

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेस, सह्याद्रीच्या कड्याला लागून असलेल्या जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिम भागात, म्हणजे कुकडी, मीना व घोड या नद्यांच्या उगमाकडील खोऱ्यांत, पावसाळी भात आणि उतारावरची नाचणी-वरई यांच्या जोडीला आदिवासी कुटुंबांच्या हाती रोख पैसा आणणारे जे थोडे जिन्नस आहेत, त्यांत हिरड्याचे स्थान फार वरचे आहे. महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी समाजांच्या या पट्ट्यातील वर्षाचा हिशोब हिरड्याच्या भावाला बांधलेला असे, आणि तो भाव मुंबई बंदरात, कातडी कमावणाऱ्यांच्या कुंडांवर व औषधी मालाच्या पेढ्यांत ठरत असे. चांभाराच्या वहाणेपासून वैद्याच्या त्रिफळा चूर्णापर्यंत हिरड्याचे उपयोग कितीही निरनिराळे दिसले, तरी त्यांतील बहुतेकांच्या मुळाशी एकच रासायनिक गुण आहे: या फळातील तुरट द्रव्य प्रथिनांना घट्ट धरते. कातडे हे प्रथिनच, जिभेवरची लाळ प्रथिनयुक्त, आतड्याचे अस्तरही प्रथिनांचेच. म्हणून हिरड्याच्या व्यापाराचा इतिहास आणि मानवी शरीराचे प्राथमिक रसायन ही दोन प्रकरणे एकत्र वाचली, तरच दोन्हींचा उलगडा नीट होतो.

हिरड्याची पाने शिशिरात झडतात, वसंतात नवी पालवी व पिवळसर-पांढरा तुरा येतो, आणि चैत्र-वैशाखात, फळात बाठ धरण्यापूर्वीच, जे कोवळे फळ उतरवले जाते त्याला बाळहिरडा म्हणतात. झाडावर राहू दिलेले फळ हिवाळ्यात पिकते. ते लांबट, पिवळसर, पाच कडांचे आणि आत टणक बाठ असलेले असते. या पट्ट्याचे वैशिष्ट्य असे की हिरड्याची पुष्कळ झाडे राखीव जंगलात नसून मालकीच्या जमिनीत, बांधांवर व वरकस उतारांवर आहेत, आणि जमिनीप्रमाणे झाडांच्याही वाटण्या भावाभावांत होत आल्या आहेत. पुरुषांनी उंच फांद्यांवर चढून काठीने फळ झोडायचे, बायका-मुलांनी ते खाली वेचायचे आणि मग कातळावर किंवा सारवलेल्या खळ्यावर पसरून पावसाच्या आत कडक वाळवायचे, असा हा उद्योग असतो. वळवाच्या एका सरीने ओला माल बुरसतो आणि त्याचा भाव पडतो.

वाळताना हिरवे फळ काळे पडते, हे प्रत्येक वेचणाऱ्याला ठाऊक असते; त्यामागचे कारण माणसाच्या त्वचेच्या रंगाशी नाते सांगणारे आहे. फळात फिनॉल वर्गातील संयुगे असतात, म्हणजे कार्बनच्या सहा अणूंचे कडे आणि त्याला जोडलेला ऑक्सिजन-हायड्रोजनचा गट अशी ज्यांची घडण आहे असे पदार्थ. फळाची पेशी मोडली की पेशीतील विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया जलद घडवून आणणारी प्रथिने, हवेतील ऑक्सिजनचा या फिनॉलांशी संयोग घडवून आणतात. या ऑक्सिडीकरणातून निघालेले रेणू एकमेकांना जोडले जाऊन गडद रंगद्रव्य तयार होते. मानवी त्वचेत टायरोसिनेज नावाचे, तांब्याचे अणू धारण करणारे विकर टायरोसिन या फिनॉलयुक्त अमिनो आम्लावर याच जातीची क्रिया करते आणि त्यातून मेलॅनिन हे कातडीला रंग देणारे द्रव्य बनते. वैशाखाच्या उन्हात खळ्यावर काळा पडणारा बाळहिरडा आणि त्याच उन्हात रापणारी वेचणारणीची त्वचा या दोन्हींत फिनॉलांच्या ऑक्सिडीकरणाचेच काम चाललेले असते.

जुन्नर हे व्यापाराचे गाव म्हणून सातवाहन काळापासून प्रसिद्ध आहे. कोकणातील कल्याण बंदराकडून येणारी वाट नाणेघाट चढून जुन्नरला पोहोचत असे, घाटमाथ्यावरच्या लेण्यात राणी नागनिकेच्या यज्ञांची व दक्षिणांची नोंद करणारा लेख कोरलेला आहे, आणि शिवनेरी, मानमोडी, तुळजा व लेण्याद्री येथील बौद्ध लेण्यांतील शिलालेखांत धान्याचे व्यापारी, बांबूकाम करणारे व कासार यांच्या श्रेणींची, म्हणजे संघटित व्यवसायमंडळांची, दाने नोंदलेली आहेत. या लेण्यांत राहणाऱ्या भिक्षूंच्या जीवनाचे नियम ज्या विनयपिटकात सांगितले आहेत, त्यातील महावग्गाच्या भेसज्जखंधकात औषध म्हणून जवळ ठेवण्यास मुभा असलेल्या फळांची यादी येते, आणि तीत हरीतक, विभीतक व आमलक, म्हणजे हिरडा, बेहडा व आवळा, ही तिन्ही नावे आहेत. भिक्षूला धान्याचा साठा करता येत नसे, पण हिरडा बाळगता येत असे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील अगदी पहिला रसायनपादही हरीतकी व आमलकी यांच्याच नावाचा आहे. पुढे १५६३ मध्ये गोव्यात छापल्या गेलेल्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याच्या ग्रंथात हिरड्याच्या वर्गातील फळांवर एक स्वतंत्र संवाद आहे. हा ओर्ता म्हणजे तोच, ज्याच्याकडे काही काळ मुंबई बेट खंडाने होते. युरोपातील औषधविक्रेत्यांना हे फळ अरबी वैद्यकामार्फत आधीच परिचित होते. मात्र या दीर्घ काळात हिरड्याची ख्याती झाली ती औषध म्हणून, आणि औषधाला लागणारे प्रमाण थोडे असते. डोंगरपट्ट्यातून पोत्यांनी माल उचलला जाऊ लागला तो कातड्यासाठी.

कातड्याचे प्रकरण समजण्यासाठी शरीराच्या घडणीकडे वळणे आवश्यक आहे. मानवी शरीराच्या वजनात सुमारे ६५ टक्के ऑक्सिजन, १८ टक्के कार्बन, १० टक्के हायड्रोजन आणि ३ टक्के नायट्रोजन असतो, आणि उरलेल्या थोड्या भागात कॅल्शियम, फॉस्फरस, गंधक, लोह इत्यादी मूलद्रव्ये येतात. या अणूंना एकत्र ठेवणारे बंध मुख्यतः दोन प्रतींचे आहेत. पहिला सहसंयुज बंध, ज्यात दोन अणू आपले इलेक्ट्रॉन सामाईक करतात. तो बळकट असतो आणि रेणूचा सांगाडा त्यानेच उभा राहतो. दुसरा हायड्रोजन बंध, ज्यात ऑक्सिजन किंवा नायट्रोजनला जोडलेला हायड्रोजन शेजारच्या दुसऱ्या ऑक्सिजन वा नायट्रोजनकडे ओढला जातो. तो एकेकटा दुर्बळ, पण शेकड्यांनी जमला की रेणूंना एकमेकांपासून सुटू देत नाही. पाणी द्रवरूप राहते ते याच बंधामुळे, आणि प्रथिनांच्या लांब साखळ्या विशिष्ट आकारात दुमडलेल्या राहतात त्यातही त्याचा मोठा वाटा असतो. हिरड्यातील टॅनिन हे या दुसऱ्या प्रकारच्या बंधासाठी जणू घडवलेलेच द्रव्य आहे. त्याच्या मध्यभागी ग्लुकोज साखरेचा एक रेणू असतो, त्या साखरेला गॅलिक आम्ल व त्याच्या कुळातील इतर आम्ले जोडलेली असतात, आणि गॅलिक आम्लाच्या प्रत्येक कड्यावर ऑक्सिजन-हायड्रोजनचे तीन गट बाहेर डोकावत असतात. वाळलेल्या हिरड्याच्या गरात असे टॅनिन सुमारे ३० टक्के भरते. चेब्युलिनिक व चेब्युलॅजिक ही त्यातील प्रमुख आम्ले खुद्द हिरड्याच्या वनस्पतीशास्त्रीय नावावरून ओळखली जातात.

हे रसायन ग्रंथात येण्याच्या कित्येक शतके आधी महाराष्ट्रातील ढोर समाजाच्या कुंडांत ते हातांनी जाणले गेले होते. कच्चे कातडे प्रथम चुन्याच्या पाण्यात घातले जाई. पदार्थाची आम्लता वा अल्कता मोजण्याचे जे सामू नावाचे माप आहे, त्यावर शुद्ध पाणी ७ असते, मानवी रक्त ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात राहते आणि चुन्याची निवळी १२ च्या वर जाते. या मापाची प्रत्येक पायरी दसपट असल्यामुळे निवळीची अल्कता रक्ताच्या जवळजवळ लाखपट ठरते. इतक्या तीव्र अल्कात केसांतील केराटिन या प्रथिनाचे गंधक-गंधक बंध मोडतात आणि केस मुळासकट सुटतात. माणसाचे केस व नखेही याच केराटिनची असल्यामुळे चुन्यात काम करणाऱ्यांच्या हातांची काय अवस्था होत असे, हे वेगळे सांगायला नको. कातड्याचा मुख्य भाग असलेले कोलॅजेन मात्र टिकून राहते, फुगते आणि त्याचे तंतू मोकळे होतात. मग चुना धुऊन काढून ते कातडे बाभळीची साल व कुटलेला हिरडा यांच्या काढ्यात दिवसेंदिवस बुडवून ठेवले जाई. काढा हळूहळू तंतूंच्या आत शिरे, टॅनिनचे रेणू कोलॅजेनच्या साखळ्यांना एकाच वेळी अनेक ठिकाणी धरत, आणि जे कातडे एरवी पाण्यात कुजले असते ते मोटेसाठी, पखालीसाठी, वहाणेसाठी टिकाऊ होई. शेतीचे पाणी ज्या मोटेने विहिरीतून वर येई, ती मोट या कामावर अवलंबून होती, आणि तरी हे काम करणाऱ्यांना गावाने वेशीबाहेर ठेवले. प्रथिनांचे रसायन ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या प्रत्यक्ष जपले त्यांना अस्पृश्य ठरवले जाणे, हा या इतिहासातील सर्वांत मोठा अन्याय होय.

कोलॅजेन हे केवळ जनावराच्या कातड्यातले द्रव्य नाही. माणसाच्या शरीरातील एकूण प्रथिनांपैकी सुमारे तिसरा हिस्सा तेच असते, आणि त्वचा, स्नायुबंध, कूर्चा व हाडांचा सेंद्रिय गाभा त्यापासूनच घडतात. त्याची रचना उलगडण्यात भारतीय चर्मोद्योगाचा हात आहे, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. मद्रास विद्यापीठातील गो. ना. रामचंद्रन व गोपीनाथ कर्ता यांनी मद्रासच्याच केंद्रीय चर्म संशोधन संस्थेकडून कोलॅजेनचे नमुने मिळवले आणि क्ष-किरणांच्या साहाय्याने १९५४-५५ मध्ये असे दाखवून दिले की कोलॅजेनचा रेणू म्हणजे एकमेकींभोवती पीळ घातलेल्या तीन साखळ्या आहेत. या प्रत्येक साखळीत दर तिसरे अमिनो आम्ल ग्लायसिन असते आणि उरलेल्या जागांवर प्रोलिन व त्याचे हायड्रॉक्सिप्रोलिन हे रूप वारंवार येते. प्रोलिनचे हायड्रॉक्सिप्रोलिन करण्याच्या क्रियेला क जीवनसत्त्व लागते. ते न मिळाल्यास पीळ सैल पडतो, दातांच्या हिरड्यांतून रक्त येते, जखमा भरत नाहीत, आणि त्या विकाराला स्कर्व्ही म्हणतात. त्रिफळ्यातील आवळा हे या जीवनसत्त्वाने समृद्ध फळ आहे, म्हणून एका फळाचा संबंध कोलॅजेन घडवण्याशी तर दुसऱ्याचा तयार कोलॅजेन बांधून टाकण्याशी जुळतो.

पाश्चात्त्य रसायनशास्त्राला टॅनिनची खरी ओळख पटली ती अठराव्या शतकाच्या अखेरीस, जेव्हा फ्रान्समध्ये आर्मां सेगाँ याने जिलेटिनच्या, म्हणजे उकळून विरघळवलेल्या कोलॅजेनच्या, द्रावणात ओकाच्या सालीचा काढा घातला असता साका खाली बसतो हे दाखवले. त्यानंतर १८०३ मध्ये हम्फ्री डेव्ही याने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलेल्या निबंधात मुंबईहून व बंगालमधून आलेल्या काताची याच रीतीने तपासणी केली आणि मुंबईच्या कातात टॅनिनचा अंश निम्म्याहून थोडा अधिक, बंगालच्या कातापेक्षा सरस, असल्याचे नोंदवले. येथून पुढे भारतीय तुरट मालाचा भाव त्यातील टॅनिनच्या मापाने ठरू लागला. तराजूपेक्षा रसायनशाळेचा शब्द मोठा झाला: कातड्याच्या वाळवलेल्या चुऱ्यातून मालाचा काढा गाळायचा आणि चुऱ्याने जेवढे शोषले तेवढे टॅनिन धरायचे, अशी तपासणीची रीतच एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली. ब्रिटनमधील चर्मोद्योगाला ओकाची साल अपुरी पडू लागल्यावर मुंबई व पूर्व किनाऱ्यावरील बंदरांतून हिरड्याची मोठी निर्यात होऊ लागली, आणि त्या व्यापारात भिमलीपट्टम, जबलपूर, वेंगुर्ले अशी ठिकाणांची नावेच मालाच्या प्रती म्हणून चालू लागली.

ज्या वस्तूला परदेशी बाजार मिळाला तिच्याकडे सरकारचे लक्ष जाणे ओघाने आलेच. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात वनोपजाची जी व्याख्या दिली आहे, तिच्या पहिल्याच यादीत कात, साल आणि हिरडा यांची नावे आहेत, आणि या जिनसांबाबत कायदा असे म्हणतो की ते जंगलात सापडोत वा न सापडोत, जंगलातून आणलेले असोत वा नसोत, ते वनोपजच समजले जातील. शेतकऱ्याच्या मालकीच्या बांधावरचे झाड, त्याच्या आज्याने राखलेले, आणि तरी त्याचे फळ वाहतुकीच्या पासाच्या कक्षेत, ही जुन्नर-आंबेगावच्या हिरडा उत्पादकांची अडचण या एका वाक्यातून निर्माण झाली. बाजाराची वाट अशी अरुंद झाल्यावर उरला तो सावकार-व्यापारी, जो पावसाळ्यात भात-नाचणी उधार देई आणि वैशाखात हिरड्याने वसूल करी.

शरीराच्या आत हिरडा काय करतो, याचा आरंभ तोंडातच होतो. हिरड्याचा तुकडा दाढेखाली धरला की क्षणभरात जीभ टाळूला घासते, गाल आत ओढल्यासारखे वाटतात आणि लाळ दाटून येते. लाळेत प्रोलिनने भरलेली प्रथिने असतात. टॅनिनचे कडे प्रोलिनच्या कड्याशी चिकटून बसते, हायड्रोजन बंध त्याला पक्के करतात आणि लाळेचा गुळगुळीतपणा संपवणारा सूक्ष्म साका तयार होतो. आयुर्वेदाने कषाय हा सहा रसांपैकी एक मानला आहे व हरीतकीत लवण सोडून बाकी पाचही रस सांगितले आहेत. आधुनिक शरीरक्रियाशास्त्र तुरटपणाला मुख्यतः स्पर्शाची संवेदना समजते. या दोन मतांत विरोध मानण्याचे कारण नाही, कारण पहिले अनुभवाचे वर्गीकरण आहे आणि दुसरे त्याच्या यंत्रणेचे. मात्र कातड्याच्या कुंडात आणि तोंडात घडणारी घटना एकच आहे, व दोन्हीकडे तिचे मुख्य ठिकाण प्रोलिनयुक्त प्रथिन हेच आहे, एवढे निश्चित.

लोहाशी हिरड्याचे वैर की मैत्री, हे प्रसंगावर ठरते. हिरड्याच्या काढ्यात हिराकस, म्हणजे लोहाचे सल्फेट, घातले की हवेच्या संपर्काने लोहाचा अणू आणखी एक इलेक्ट्रॉन गमावतो आणि टॅनिनशी त्याचे गडद निळे-काळे संयुग बनते. शाई व कापडाचा काळा रंग या संयुगावरच चालत आला. तेच लोह माणसाच्या रक्तातील हिमोग्लोबिनात ऑक्सिजन वाहून नेते, आणि प्रौढ शरीरात ते सारे मिळून तीन-चार ग्रॅमच असते. जेवणासोबत टॅनिन पोटात गेले, तर नाचणी-भाजीतील लोहाला ते आतड्यातच धरून ठेवते व शोषले जाऊ देत नाही. जेवणाला लागून चहा पिण्याविरुद्ध दिला जाणारा सल्ला याच कारणाने दिला जातो. उलट, त्याच जेवणात आवळा असल्यास क जीवनसत्त्व लोहाला विरघळणाऱ्या रूपात ठेवते. बाळगुटीत हिरडा सहाणेवर उगाळताना त्याचे मोजून एक-दोन वेढेच घेण्याची जी शिस्त मराठी घरांत होती, ती मात्रेची शिस्त होती, कारण हिरड्यात तुरट द्रव्यांबरोबर सारक द्रव्येही असतात व कोवळ्या आतड्यावर दोन्हींचा परिणाम होतो; आजचे बालरोगतज्ज्ञ तर पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीच देऊ नये असे सांगतात.

पोटातल्या पुढच्या प्रवासात पाणीच टॅनिन फोडते. ज्या क्रियेत पाण्याचा रेणू मध्ये शिरून मोठ्या रेणूचे तुकडे होतात तिला जलविघटन म्हणतात, आणि भात, डाळ, तेल या सर्वांचे पचन म्हणजे विकरांनी घडवलेले जलविघटनच असते. हिरड्याचे टॅनिन साखर व आम्ले यांच्या जोडणीने बनलेले असल्यामुळे ते असे फुटते व त्यातून गॅलिक आणि एलॅजिक आम्ले सुटी होतात. एलॅजिक आम्ल रक्तात फारसे शिरत नाही. मोठ्या आतड्यातील जिवाणू त्याचे युरोलिथिन नावाच्या लहान रेणूंत रूपांतर करतात आणि तेच शोषले जातात. हे जिवाणू सर्वांच्या पोटात सारखे नसल्याने एकच चूर्ण दोन माणसांच्या शरीरात एकसारखे वागत नाही, ही गोष्ट त्रिफळ्याचे सरसकट गुण गाणाऱ्यांनी ध्यानात घेण्यासारखी आहे.

कातड्याचा बाजार हिरड्याच्या हातून गेला तोही बंधांच्याच कारणाने. १८८४ मध्ये अमेरिकेत ऑगस्टस शुल्ट्झ याने क्रोमियमने कातडे कमावण्याच्या रीतीची एकस्वे घेतली, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी आल्फ्रेड चॅटर्टन याच्या प्रयत्नांनी ती मद्रासेत रुजली. क्रोमियम कोलॅजेनच्या आम्लधर्मी गटांशी हायड्रोजन बंधापेक्षा बळकट जोड करते, त्यामुळे कच्चे कातडे जेथे ६०-६५ अंश सेल्सिअसला आक्रसते तेथे क्रोमचे कातडे उकळत्या पाण्यातही टिकते, आणि महिन्यांचे काम दिवसांत उरकते. वनस्पतिज मालातही दक्षिण आफ्रिकेतील वॅटल झाडाच्या सालीने स्पर्धा वाढवली. डोंगरपट्ट्यातील हिरड्याला पुन्हा मुख्यतः औषधाचे आणि काही अंशी रंगाचे गिऱ्हाईक उरले, ज्याला मोठ्या फळापेक्षा बाळहिरडा अधिक हवा असतो.

स्वातंत्र्यानंतर सावकारी मोडण्याचा जो प्रयत्न झाला त्यात १९७२ मध्ये आदिवासी विकास महामंडळ स्थापन झाले, १९७६ च्या अधिनियमाने एकाधिकार खरेदीचा मार्ग मोकळा केला आणि बाळहिरडा महामंडळाच्या काट्यावर येऊ लागला. घोड नदीवरील डिंभे धरणात मूळ आंबेगाव गावासह खोऱ्यातील चांगल्या जमिनी बुडाल्यावर वरच्या उतारांवर सरकलेल्या कुटुंबांना तर हिरड्याचाच आधार अधिक राहिला. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर आदिवासींची मालकी मान्य केली, आणि २०१३-१४ च्या केंद्रीय योजनेत किमान आधारभूत किमतीच्या यादीत हिरडा आला. परंतु कोणत्याही यादीत हिरड्याला मळ्यातल्या पिकाची प्रतिष्ठा मिळाली नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम भागात हिरड्याचे मोठे नुकसान केले तेव्हा ही उणीव उघडी पडली, आणि त्या नुकसानीची भरपाई मिळावी म्हणून हिरडा उत्पादकांना किसान सभेच्या झेंड्याखाली पुढची काही वर्षे निवेदने, मोर्चे व उपोषणे करत राहावे लागले.